आधी मेकॅनिककडे जाऊन ये

गेल्या आठवड्यात एका आईंचा मेसेज आला. मुलगी अमेरिकेत कमर्शियल पायलटचं ट्रेनिंग घेतेय, चेकराईड म्हणजे शेवटची प्रॅक्टिकल परीक्षा तीन आठवड्यांवर आलीय, आणि आता म्हणतेय विमान फार जुनं आहे, मी यात परीक्षा देणार नाही. "एवढे पैसे भरून झाल्यावर हिला विमान जुनं दिसायला लागलं का? बहाणा करतेय की खरंच घाबरलीय, तुम्हीच सांगा मॅडम."

आता मुलीशी न बोलता मी कसं सांगणार. पण अगदी हाच प्रश्न घेऊन माझ्याकडे एक मुलगा आला होता आणि त्याच्या बाबतीत मी सुरुवातीलाच एक चूक केली होती, ती सांगते, त्यातून तुम्हाला तुमचं उत्तर सापडेल बहुतेक. त्याला विचारूनच लिहितेय, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

मुलगा सांगलीकडचा, ट्रेनिंग फ्लोरिडात. वडील एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले, फंडाचे पैसे आणि वर एज्युकेशन लोन, घर तारण. आमची सेशन्स व्हिडिओवर, माझे संध्याकाळचे साडेसात म्हणजे त्याचे सकाळचे दहा. पहिल्या दिवशी नमस्कार-चमत्कार झाल्यावर त्याने पहिला प्रश्न काय विचारला तर "मॅडम, हे माझ्या मेडिकलच्या रेकॉर्डवर येतं का?" पायलट लोकांना ही भीती फार असते, समुपदेशकाकडे गेलो तर लायसन्स जाईल, म्हणून येतच नाहीत आणि आले तरी निम्मं पोटात ठेवतात. त्याला म्हटलं माझ्या शब्दावर जाऊ नकोस, तुमच्या मेडिकलच्या फॉर्मच्या सूचना उघड आणि स्वतः वाच. त्यात समुपदेशनाबद्दल वेगळं वाक्य आहे, व्यसन किंवा मानसिक आजाराशी संबंध असेल तरच त्या भेटी लिहायच्या असं. वाचलं, मग त्यांच्या एव्हिएशन मेडिकलवाल्या डॉक्टरलाही विचारून आला, तेव्हा कुठे बोलायला लागला.

विमान होतं पायपर अ‍ॅरो, १९७२ चं. चाकं आत घेता येतात असं चार सीटचं. त्याच्या भाषेत "मॅडम, पप्पांचं लग्न व्हायच्या आधीचं आहे ते." सीटचं रेक्झिन फाटलेलं, स्पीडचं मीटर मैलांत, दाराची वरची कडी दोनदा ओढल्याशिवाय लागत नाही, आणि जुन्या रेडिओच्या दिशादर्शकावर 'चालत नाही' असा स्टिकर. रात्री झोप नाही, पोटात गोळा, चेकलिस्ट वाचताना एकच ओळ तीनदा वाचतोय.

मी काय केलं? जे कोणीही केलं असतं तेच. परफॉर्मन्स अँक्झायटी म्हणून घेतलं, श्वासाचा व्यायाम दिला, झोपेचं वेळापत्रक दिलं, "विमान जुनं आहे हा विचार आला की त्याला विचार म्हणून बघ" वगैरे. दुसऱ्या आठवड्यात आला आणि शांतपणे म्हणाला, "मॅडम, श्वास मस्त चाललाय, पण काल चाकांचे दिवे लागले नाहीत."

मी गप्पच झाले.

झालं होतं असं की लँडिंगच्या आधी चाकं खाली घेतली की पॅनेलवर तीन हिरवे दिवे लागले पाहिजेत, तीन म्हणजे तिन्ही चाकं लॉक. भर दुपारी, डोक्यावर फ्लोरिडाचं ऊन, आणि तीनही दिवे गायब. याचे हात गार पडले. शेजारच्या इन्स्ट्रक्टरने काही न बोलता पॅनेलच्या लाइटचा नॉब डावीकडे फिरवून बंद केला आणि तीनही दिवे लख्ख. या जुन्या अ‍ॅरोंमध्ये तशी सोयच केलेली असते, रात्रीसाठी पॅनेलचे लाइट चालू केले की हिरवे दिवे आपोआप मंद होतात म्हणजे डोळ्यांवर येत नाहीत, पण दिवसा कुणाचा हात लागून तो नॉब चालू राहिला तर उन्हात दिवे विझल्यासारखेच दिसतात. चाकं मस्त खाली होती. बिघाड काहीच नव्हता.

आता हे ऐकल्यावर मला माझं उमगलं. या पोराला भीती वाटत होती कारण त्याला माहिती नव्हती, आणि मी त्याला माहिती द्यायच्या ऐवजी भीती कशी सहन करायची ते शिकवत बसले होते. माहिती मला तरी कुठे होती म्हणा, पण "हे तू कुणाला विचारलंस का" एवढं तर विचारायला हवं होतं की नाही!

मग म्हटलं, कागद घे, मधे रेघ मार. एका बाजूला 'मेकॅनिकला विचारायचं', दुसऱ्या बाजूला 'मॅडमला सांगायचं'. जे जे मनात येतं ते सगळं लिही, येडपट वाटलं तरी. चौदा गोष्टी निघाल्या आणि त्यातल्या अकरा मेकॅनिकच्या रकान्यात गेल्या.

त्यातली एक गोष्ट त्याने सगळ्यात शेवटी, बारीक अक्षरात लिहिली होती: 'पंख'. विचारलं तर सांगताना आवाज बदलला. २०१८ च्या ४ एप्रिलला फ्लोरिडातच, डेटोना बीचला, तिथल्या एका विद्यापीठाच्या अ‍ॅरोचा पंख हवेतच तुटून वेगळा झाला, विद्यार्थी आणि परीक्षक दोघेही गेले. आणि ती कमर्शियलचीच चेकराईड होती. याने ते रात्री दोन वाजता मोबाइलवर वाचलेलं, तेव्हापासून कुणालाच बोलला नव्हता, इन्स्ट्रक्टरला नाही, रूममेटला नाही, घरी तर नाहीच नाही. सांगा आता, या भीतीला मी 'नुसता विचार' म्हणणार होते.

म्हटलं, यावर मी काहीच बोलणार नाही, आधी मेकॅनिककडे जाऊन ये.

गेला. तो म्हातारा मेकॅनिक चिडेल असं याला वाटत होतं, पण त्याने याला खुर्ची दिली आणि लॉगबुकांचा गठ्ठा समोर ठेवला, पन्नास वर्षांचा, पहिल्या वहीचं पान पिवळं पडलेलं. त्याने सांगितलं की डेटोनाचं ते विमान जुनं नव्हतंच, २००७ चं होतं. पण ट्रेनिंगमध्ये साडेसात हजारांहून जास्त तास उडालेलं, रोज टेकव-उचल टेकव-उचल, आणि पंखाच्या मुख्य दांड्यात, स्पार म्हणतात त्याला, धातू थकून तडा वाढत गेलेला, बाहेरून दिसत नाही असा. त्यानंतर त्यांच्या एफएएने, म्हणजे तिकडच्या विमान वाहतूक खात्याने, या जातीच्या विमानांसाठी सक्तीचा आदेश काढला. विमानाचं वय नाही मोजायचं, ते किती तास आणि कसल्या कामात उडालंय ते मोजायचं, त्याचा एक फॉर्म्युला आहे, दर शंभर तासांनी होणारी तपासणी किती वेळा झालीय त्यावरून हिशोब, आणि तो आकडा ५,००० च्या वर गेला की पंखाचे बोल्ट काढून भोकांची एडी करंटने, म्हणजे विजेच्या प्रवाहाने न दिसणारा तडा शोधतात तशी, तपासणी करायची. मेकॅनिकने पान उलटून ती नोंद काढून दिली, तारीख, सही, 'तडा नाही'. याने त्यावर बोट ठेवून ती ओळ वाचली म्हणे. मला फोटोसुद्धा पाठवला, मला त्यातलं ओ का ठो कळलं नाही, पण फोटोत त्याचं बोट दिसत होतं आणि ते बोट त्या ओळीवर जोरात दाबलेलं होतं.

बाकीच्या दहा प्रश्नांचंही असंच, कुणाला उत्तर होतं, कुणाला नुसतं "हो, ते तसंच आहे". मैलांच्या मीटरचं उत्तर त्याने स्वतःच काढलं. परीक्षेतली सूट नॉटमध्ये, म्हणजे ताशी सागरी मैलांत मोजतात, म्हणजे ५० अंश कलून स्टीप टर्न मारताना उंची १०० फूट वरखाली आणि स्पीड १० नॉट इकडेतिकडे चालतो, तर याच्या मीटरवर ते साधारण साडेअकरा मैल होतात. त्याने एक छोटं कार्ड बनवलं आणि गुडघ्यावरच्या पॅडला चिकटवलं. बंद पडलेल्या यंत्राचंही कळलं, स्टिकर लावून, वापरातून काढून, नोंद करून उडता येतं, फक्त ते उडायला सक्तीचं यंत्र नाही ना हे आपल्याला दाखवता आलं पाहिजे, आणि परीक्षक तोंडीत हेच विचारतो. उलट जुन्या विमानात विचारायला त्याला आयता मालमसाला मिळतो.

मधेच एक गोष्ट, आईंसाठी खास. कमर्शियलची परीक्षा चाकं आत जाणाऱ्या विमानातच द्यावी लागते ही अट २०१८ च्या एप्रिलमध्ये तिकडे काढून टाकलीय. म्हणजे विमान बदलून मागणं हा पळपुटेपणा नाही, नियमात बसतं ते. या मुलानेही चौकशी केली, पण साधी, चाकं आत न जाणारी सेसना महिनाभर मिळणार नव्हती आणि याचा हात अ‍ॅरोवर बसलेला, म्हणून त्याने अ‍ॅरोच ठेवली. ठरवलं त्याने, मी नाही आणि शाळेनेही नाही, या गोष्टीचा त्याच्या झोपेवर माझ्या श्वासाच्या व्यायामापेक्षा जास्त परिणाम झाला असं माझं मत आहे.

मग उरल्या तीन गोष्टी, माझ्या रकान्यातल्या. पहिली, पप्पांचे पैसे. दुसरी, रूममेट पहिल्या फटक्यात पास झाला. तिसरी, परीक्षक शेजारी बसून वहीत काहीतरी लिहीत राहतो.

पैशाचं सांगते. घरी त्याने विमान जुनं आहे हे सांगितलंच नव्हतं, पप्पांना काळजी नको म्हणून. मी म्हटलं अरे तुझे पप्पा पस्तीस वर्षं काय करत होते? जुन्या गाड्याच रस्त्यावर ठेवत होते ना? त्या रविवारी त्याने व्हिडिओ कॉलवर विमान दाखवलं, शेपटीपासून प्रॉपेलरपर्यंत. पप्पा काळजीबिळजी काही नाही, सरळ एसटीच्या सर्व्हिसिंगच्या भाषेत "डॉकिंग कधी झालं हिचं शेवटचं? तेल कुठं गळतंय का बघ खाली, फरशीवर डाग बघ," आणि मग वीस मिनिटं बापलेक हायड्रॉलिक पंपावर बोलत होते. पैशाचा विषय त्या दिवशी निघालाच नाही. पुढच्या वेळी निघाला तेव्हा पप्पा म्हणाले, पुन्हा द्यावी लागली तर देऊ, त्याचं मी आधीच धरलंय. हे वाक्य चार महिने आधी मिळालं असतं तर, असो.

वहीत लिहिणाऱ्या परीक्षकासाठी आम्ही नाटक केलं. हे लोक खुर्चीत बसून डोळ्यांसमोर विमान आणून सगळी उड्डाणं मोठ्याने बोलत करतात, त्यांच्यात ही जुनी पद्धत आहे. तो हॉस्टेलच्या खुर्चीत, हातात स्टिअरिंग म्हणून जेवणाची प्लेट, आणि मी स्क्रीनवर परीक्षक, चेहरा दगडी, एक शब्द बोलायचा नाही, फक्त लिहायचं. पहिल्या दिवशी मी पेन उचललं की याचं वाक्य तुटायचं, "गिअर डाऊन" म्हणून तिथेच थांबला आणि माझ्या पेनाकडे बघत राहिला. तिसऱ्या दिवशी न राहवून विचारलंच, "मॅडम, काय लिहिताय?" वही कॅमेऱ्यासमोर धरली. मेथी, कोथिंबीर, अर्धा किलो रवा. तो एवढा हसला की प्लेट पडली. त्यानंतर मी कितीही लिहिलं तरी त्याचे तीन हिरवे आणि नॉब तपासणं चुकलं नाही.

चेकराईडच्या दिवशी तो नापास झाला.

हो. तोंडी परीक्षा दोन तास, लॉगबुकं अशी फाडफाड दाखवली की परीक्षकाने पुढचं विचारलंच नाही. उडताना सगळं नीट, आणि एका गोष्टीत गेला, पॉवर ऑफ वन एटी. धावपट्टीला समांतर जाताना इंजिन आयडलवर आणायचं, तिथून वळून यायचं आणि आधी बोललेल्या खुणेवर किंवा तिच्यापुढे २०० फुटांच्या आत टेकवायचं, अलीकडे एक फूटही चालत नाही. अ‍ॅरो चाकं खाली सोडली की बिनइंजिनाची विटेसारखी खाली येते, याने वळण थोडं लांब घेतलं आणि खुणेच्या अलीकडे टेकला. पिंक स्लिप, म्हणजे नापासाचा कागद.

त्या रात्री आमचं बोलणं झालं तेव्हा मी तयारीत होते, रडेल, विमानाला शिव्या देईल, सोडून येतो म्हणेल. तो म्हणाला, "मॅडम, विमान शहाण्यासारखं वागलं हो, मीच लांब वळलो." झोपलास का विचारलं तर म्हणे आठ तास. वाईट वाटत होतंच, एअरलाइनच्या इंटरव्ह्यूत विचारतील हेही डोक्यात होतं, पण ते दुःख होतं, भीती नव्हती, आणि दुःखाला मी हात लावत नाही, ते ज्याचं त्याने करायचं असतं. ६० दिवसांच्या आत परत दिली तर फक्त राहिलेला भागच द्यावा लागतो, तो त्याने इन्स्ट्रक्टरबरोबर दोन दिवस घोटला.

नऊ दिवसांनी रात्री उशिरा माझ्या फोनवर मेसेज. 'मॅडम ७० फूट.' मला आधी वाटलं परत अलीकडे टेकला की काय, धसकाच बसला. लिहिलं, अरे अलीकडे की पलीकडे? उत्तर यायला पाच मिनिटं लागली कारण पठ्ठ्या तेव्हा पप्पांशी बोलत होता.

'पलीकडे.'