दयाळ गप्प का झाला?

प्रश्न : आमच्या घरासमोरच्या शेवग्यावर एक दयाळ उन्हाळाभर पहाटे गायचा. त्याच्यासाठी मी पाचच्या आत उठायचे. श्रावण लागला नि तो गप्पच झाला. मुलाने मोबाइलवर दयाळाचं गाणं लावलं, तर लगेच येऊन कठड्यावर बसला, शेपूट उडवत इकडेतिकडे बघत राहिला. आता मी रोज लावते. त्याला आवडत असेल ना? तांदूळही ठेवते, पण तोंड लावत नाही.
— एक वाचक, मिरज

उत्तर : ताई, आधी ते गाणं बंद करा. तो ऐकायला नाही, भांडायला आला होता. दयाळ गातो तो मादीला बोलवायला आणि 'ही हद्द माझी' हे इतर नरांना बजावायला. मोबाइलमधला दयाळ म्हणजे त्याच्या हद्दीत घुसलेला परका नर. दिसत नाही, हुसकता येत नाही, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर! विणीच्या दिवसांत तर अशाने त्याचं पिल्लांना चारणंही राहून जातं. फोटोसाठी हाच उद्योग करणारे हौशी लोक भेटतात. मला त्यांचा रागच येतो.

गप्प होण्याची काळजी करू नका. त्याची वीण साधारण मार्च ते जुलै. दिवस मोठा होऊ लागला की शरीरातली संप्रेरकं वाढतात आणि गळा सुटतो. वीण आटोपली की जुनी पिसं गळून नवी येतात. या काळात तो झुडपांच्या बुडाशी वावरतो, फार तर एखादा घोगरा 'चर्र' काढतो. आमच्या रत्नागिरीच्या परसातला दयाळ चैत्रात नारळाच्या वाळक्या झापावर बसून मध्येच बुलबुलाची नक्कल करतो, मीसुद्धा फसतो. पावसाळा सरता सरता मात्र तो आहे की नाही, तेही कळत नाही.

तांदूळ चिमण्यांना ठेवा. दयाळ मुख्यतः किडे, अळ्या, गांडुळं खातो. पांगारा फुलला की त्याचा मधही पितो. तेव्हा शेवग्याखालचा पाचोळा रोज झाडून जाळू नका, आणि अळी पडली म्हणून लगेच फवारणीही नको. उथळ परळात पाणी ठेवलंत तर अंघोळीला येईल.

पिंजऱ्याचं कुणी सुचवलंच, तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे, एवढं सांगा.

आणखी एक. कंपाउंडच्या भिंतीत जुन्या पाइपाचं भोक उरलं असेल, तर गवंड्याला ते बुजवू देऊ नका. घरट्यासाठी दयाळाला तसलंच भोक लागतं.