तुडतुडे थोडे असूनही भात पिवळा का पडतो?

प्रश्न (राधानगरी तालुका) : लावणीनंतर महिन्याभरात भाताची पाने शेंड्याकडून पिवळी-नारिंगी पडत आहेत आणि काही चूड खुजे राहिले आहेत. तुडतुडे मात्र फारसे दिसत नाहीत. किडीच्या अंगातील प्रथिनेच विषाणू पसरवतात असे मोबाईलवर वाचले. हे खरे आहे का, आणि फवारणी कोणती करावी?

उत्तर : आपण वाचले ते काही विषाणूंबाबत बऱ्याच अंशी खरे आहे, परंतु प्रत्येक विषाणूची रीत वेगळी असते आणि फवारणीचा निर्णय त्या रीतीवरच अवलंबून असल्याने आधी तिच्याबद्दल सांगतो.

काही विषाणूंना किडीच्या आतड्यातून तिच्या रक्तात, तेथून लाळग्रंथीत आणि लाळेबरोबर पुन्हा झाडात असा प्रवास करावा लागतो. या वाटेवरील प्रत्येक पडद्याशी किडीचे एखादे प्रथिन विषाणूच्या कवचाशी जुळले, तरच त्याला पुढे जाता येते. गहू व बार्लीवरील पिवळ्या खुजेपणाचा विषाणू माव्यात असाच फिरतो, आणि म्हणूनच माव्याची एक जात तो पसरवते, तर दुसरीच्या अंगात तो वाटेतच अडतो. चीन व जपानमध्ये भातावर येणाऱ्या पट्टा रोगाचा विषाणू याहून पुढे गेलेला आहे. मादी तुडतुडा अंड्याच्या पोषणासाठी व्हिटेलोजेनिन नावाचे प्रथिन अंड्यात भरते. विषाणू त्यालाच चिकटून अंड्यात शिरतो, हे चिनी संशोधकांनी 2014 मध्ये दाखवून दिले. अशा मादीची पिल्ले अंड्यातून बाहेर पडतात तीच रोग घेऊन.

आपण कळविलेली लक्षणे टुंग्रो रोगाशी जुळतात आणि त्याची रीत याहून निराळी आहे. टुंग्रोत दोन विषाणू असतात, एक दंडाकार आणि एक गोल. पिवळेपणा व खुजेपणा मुख्यतः दंडाकार विषाणूमुळे येतो, पण गोल विषाणूची मदत मिळाल्याशिवाय हिरवा तुडतुडा त्याला वाहून नेऊ शकत नाही. हे विषाणू तुडतुड्याच्या अंगात वाढत नाहीत. पिल्लाने कात टाकली की त्याची रोग पसरविण्याची क्षमता जाते, प्रौढातही ती साधारण 5 दिवसांत संपते आणि अंड्यातून तर ती उतरतच नाही. म्हणजे प्रत्येक तुडतुड्याला रोग पुन्हा आजारी चुडातूनच घ्यावा लागतो. रोगाचे खरे कोठार तो चूड आहे, आणि काही मिनिटांचे शोषणही पुरेसे होत असल्याने थोडे तुडतुडेदेखील शेतभर नुकसान करू शकतात.

तरीही आधी खात्री करावी, कारण जस्ताच्या व नत्राच्या कमतरतेनेही भात पिवळा पडतो. नत्र कमी पडल्यास सहसा वाफाभर जुनी पाने एकसारखी फिकट होतात, जस्ताच्या कमतरतेत पानावर तांबूस तपकिरी ठिपके येतात, तर टुंग्रो ठिगळाठिगळाने दिसतो. पहाटे आजारी व निरोगी पानांचे शेंडे कापून आयोडीनच्या द्रावणात 15 मिनिटे बुडवून पाहावेत. निरोगी पान रात्रीतून आपले पिष्ट खाली पाठविते. आजारी पानात ते अडकून राहते, म्हणून त्यावर गडद निळ्या रेषा उमटतात. ही केवळ प्राथमिक चाचणी आहे. नमुना कृषी विज्ञान केंद्राकडे अवश्य द्यावा.

विषाणूवर किंवा या प्रथिनांवर चालणारे औषध बाजारात नाही, आणि कोणी तसे सांगून विकत असल्यास कृपया घेऊ नये. रोग दिसलेल्या शिवारात प्रति चूड 2 हिरवे तुडतुडे आढळल्यास भातासाठी शिफारस असलेले कीटकनाशक लेबलवरील मात्रेनेच फवारावे व बांधावरील गवतही भिजवावे. पायरेथ्रॉइड गटातील औषधे टाळावीत, कारण त्यांच्यामुळे तपकिरी तुडतुडे वाढतात. आजारी चूड थोडेच असतील तर ते उपटून गाडावेत, मात्र फवारणीनंतरच. आधी उपटले तर त्यांवरील तुडतुडे उठून शेजारच्या निरोगी चुडांवर बसतात. पिवळेपणा पाहून युरियाचा जादा हप्ता देण्याचा मोह होतो, तो आवरावा, कारण लुसलुशीत पानांवर तुडतुडे अधिक येतात.

कापणीनंतर धसकटांना फुटवे येऊ न देता लगेच नांगरट करावी. पुढील हंगामात तरवा टाकताना रस्त्यावरील दिव्याजवळची जागा निवडू नये, कारण हिरवे तुडतुडे उजेडाकडे झेपावतात आणि कोवळ्या रोपातच रोग शिरला तर त्या रोपाला लोंबी नीट भरत नाही.