बेसबॉलचा बॉक्स स्कोअर, म्हणजे सामन्याचा आकड्यांचा तक्ता, वाचायचा कसा? आर, एच, ई म्हणजे काय?

क्रिकेटचा धावफलक वाचता येतो ना? मग अर्धं काम झालंय. बॉक्स स्कोअरला आजचं रूप देण्यात हेन्री चॅडविकचा मोठा वाटा. इंग्लंडमध्ये जन्मलेला हा पत्रकार न्यूयॉर्कमध्ये आधी क्रिकेटच्याच बातम्या लिहायचा.

आर म्हणजे रन, म्हणजे चारही बेस (मैदानातले थांबे) फिरून काढलेली धाव. एच म्हणजे हिट, म्हणजे चेंडू मारून बेस गाठणं. ई म्हणजे एरर, म्हणजे क्षेत्ररक्षणातल्या चुका. मी हे पिट्सबर्गला नोकरीला असताना शेजारच्या एका आजोबांकडून शिकलो. त्यांनी माझ्यापुढे एकच तक्ता ठेवला, 26 मे 1959 चा, पिट्सबर्ग विरुद्ध मिलवॉकी:

पिट्सबर्ग: 0, 12, 1
मिलवॉकी: 1, 1, 0

बारा हिट मारणारा संघ हरला आणि एकच हिट मारणारा जिंकला! मला तर छपाईची चूकच वाटली होती.

आता पिचरची, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याची ओळ बघा. पिट्सबर्गचा हार्वी हॅडिक्स: 12.2 इनिंग (इनिंग म्हणजे संघाची फलंदाजीची एक पाळी), 1 हिट, 1 रन, 0 अर्न्ड रन (पिचरच्या खात्यावर लागलेली धाव), 1 वॉक (फुकट मिळालेला पहिला बेस), 8 स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद झालेले). हे 12.2 आपल्या षटकांसारखंच वाचायचं. 12.2 षटकं म्हणजे बारा षटकं आणि दोन चेंडू, तसं इथे बारा इनिंग आणि दोन बाद. इनिंगमध्ये तीनच बाद असतात, त्यामुळे 12.2 नंतर थेट 13.

सगळी गंमत त्या 'अर्न्ड रन'खालच्या शून्यात आहे. हॅडिक्सने बारा इनिंग एकालाही पहिल्या बेसवर पोचू दिलं नव्हतं. ओळीने 36 जण बाद! सामना नवात संपायचा, पण त्याच्याच संघाला एक धाव निघेना. तेराव्यात पिट्सबर्गच्या, थर्ड बेस राखणाऱ्या डॉन होकने चेंडू चुकीचा फेकला आणि मिलवॉकीचा मँटिया पहिल्या बेसवर पोचला. तक्त्यातला 1 एरर तो हा. पुढे मॅथ्यूजने स्वतःची विकेट देऊन त्याला दुसऱ्या बेसवर सरकवलं (असा बळी एबी, म्हणजे अ‍ॅट बॅटच्या रकान्यात धरत नाहीत). हँक आरनला मुद्दाम फुकट पहिल्या बेसवर चालत जाऊ दिलं, तो 1 वॉक. मग जो अ‍ॅडकॉकने चेंडू कुंपणापार मारला.

म्हणजे होमरन आणि तीन धावा? तक्ता म्हणतो डबल (दोन बेसचा फटका) आणि एकच धाव. सामना संपला असं समजून आरन वाट सोडून निघाला, अ‍ॅडकॉक पळता पळता त्याच्या पुढे गेला आणि नियमाने बाद ठरला. 12.2 मधला दुसरा बाद हाच. मँटियाची धाव मात्र राहिली. त्याला बेस मिळाला तो चुकीमुळे, म्हणून ती हॅडिक्सच्या माथी 'अर्न्ड' लागली नाही.

पराभव मात्र लागलाच. त्याच्या नावापुढे एल आहे, लॉस. बारा हिट खाऊन तेरा इनिंग टाकणाऱ्या मिलवॉकीच्या ल्यू बर्डेटपुढे डब्ल्यू, विन. माझ्या मते बॉक्स स्कोअरमधला सगळ्यात अन्यायी रकाना हाच.

जाता जाता, तुम्हाला कुठे के दिसला तर तो स्ट्राइकआउट. 'स्ट्रक'चं शेवटचं अक्षर, चॅडविकचंच काम. आणि 6-4-3 दिसलं तर ती धावसंख्या समजू नका (मी समजलो होतो). ते खेळाडूंच्या जागांचे क्रमांक: शॉर्टस्टॉपकडून सेकंड बेसकडे, तिथून फर्स्ट बेसकडे चेंडू गेला आणि दोघं बाद.