घाट उतरल्यावर पुढचं डावं चाक तापतं, गॅरेजवाला नवा कॅलिपर टाका म्हणतो. घरी किट बसवून काम होईल का?

होईल. कॅलिपर म्हणजे ब्रेक दाबला की चाकाच्या तबकडीवर पॅड आवळणारा भाग, आणि किट म्हणजे त्यातली रबरं नवी करायचा संच. पण किट आणायला पळण्याआधी दोष कॅलिपरमध्येच आहे का, ते बघा.

तुम्ही लिहिलंय की कासहून यवतेश्वरचा घाट उतरून साताऱ्यात आलं की डाव्या चाकाला हात लाववत नाही आणि गाडी डावीकडे ओढते. ब्रेक न दाबताही ओढत असेल तर डावं चाक धरून बसलंय. फक्त ब्रेक दाबल्यावरच ओढत असेल, तर कदाचित उजवा कॅलिपर काम करत नाही आणि त्याचं काम डावा एकटा करतोय म्हणून तापतोय. गॅरेजमध्ये तापलेलं चाक बघून थेट तिकडचा कॅलिपर बदलतात आणि दुखणं दुसरीकडेच राहतं. म्हणून दोन्ही बाजू तपासा.

गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढून, मागच्या चाकांना दगड लावून उचला आणि खाली स्टँड द्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर चाक काढू नका. घरातल्या कुणाला तरी ब्रेक दोन-चारदा दाबून सोडायला सांगा आणि चाक हाताने फिरवा. जड फिरत असेल तर ब्लीडर निपल, म्हणजे कॅलिपरवरचं हवा काढायचं छोटं तोंड, जरासं ढिलं करा. ब्रेक ऑइलची पिचकारी उडून चाक मोकळं झालं, तर दाब मागे कुठेतरी अडकतोय: कॅलिपरला ऑइल नेणारा रबरी होज आतून सुजलाय किंवा पेडलचा दाब ऑइलला देणाऱ्या मास्टर सिलिंडरचा घोटाळा आहे. तिथे किटचा काही उपयोग नाही. निपल उघडूनही चाक जड, तर मात्र कॅलिपर खोला.

त्यातही आधी पिना. आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅकना पुढे एका पिस्टनचा सरकता कॅलिपर असतो आणि तो दोन पिनांवर मागेपुढे होतो. पिनेवरचं रबर फाटलं की पावसाळ्यात पाणी आणि तांबडी माती आत शिरते, ग्रीस वाळतं, पिना धरतात. पिन बोटांनी सहज सरकायला हवी. धरली असेल तर साफ करा, रबराला चालणारं सिलिकॉन ग्रीस लावा, रबर बदला. पुष्कळदा काम इथेच संपतं आणि किटचे पैसे वाचतात.

पिना ठीक असतील तर पिस्टन, म्हणजे ऑइलच्या दाबाने पुढे सरकून पॅड दाबणारा दट्ट्या. त्याच्याभोवती चौकोनी काटछेदाची एक रबर रिंग असते. ब्रेक दाबला की पिस्टन पुढे जाताना ती किंचित पिळली जाते, आणि पाय काढला की पूर्ववत होताना पिस्टनला केसभर मागे ओढते. तेवढ्यावरच पॅड सुटतात, दुसरी स्प्रिंग तिथे नसते. रबर कडक झालं किंवा पिस्टनला गंज चढला की हे मागे येणं बंद होतं.

पिस्टन काढायचा तर होज लगेच सोडू नका. पॅड काढा, समोर लाकडाची फळी धरा, खाली ट्रे ठेवा आणि ब्रेक हळूहळू दाबायला सांगा. पिस्टन आपोआप बाहेर येतो. पंक्चरवाल्याकडे नेऊन हवेने उडवायचा मोह टाळा. तो गोळीसारखा सुटतो आणि मधे बोट असेल तर चेंदा होतो. वरच्या टाकीतलं ऑइल तळाला जाऊ देऊ नका, विशेषतः एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर. आत हवा गेली की ती काढणं घरचं काम राहत नाही.

आता खरा निर्णय. पिस्टन पुसून उजेडात धरा आणि रिंग जिथे घासते तिथे नख फिरवा. नुसता डाग असेल तर पुसून निघतो. नख खड्ड्यात अडकलं तर तो पिस्टन टाकून द्या. पॉलिश पेपरने घासलात तर वरचा मुलामा जाईल आणि पुढच्या पावसाळ्यात परत हेच. नवा पिस्टन मिळत नसेल तर गॅरेजवाला म्हणतो ते बरोबर, कॅलिपर बदला. कॅलिपरमधली रिंगची खाच बांबूच्या काडीने खरवडा, स्क्रू ड्रायव्हरने नाही. खाचेच्या तळाशी साचलेला गंजच रिंगला फुगवून पिस्टनवर दाबतो.

धुवायला पेट्रोल, डिझेल, रॉकेल काहीही नको. या रबराला ते चालत नाही, फुगतं. ब्रेक क्लीनर किंवा ताजं ब्रेक ऑइल वापरा. गाडीच्या रंगावर ऑइल सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, नाहीतर रंग उचकटतो. किट घेताना जुना पिस्टन सोबत न्या. एकाच मॉडेलला वेगवेगळ्या बनावटीचे कॅलिपर आलेले असतात.

रिंग ताज्या ऑइलमध्ये भिजवून बसवा. डस्ट कव्हरची (पिस्टनवरच्या धूळ अडवणाऱ्या रबराची) कड नीट खाचेत बसवून पिस्टन अंगठ्यांनी सरळ दाबा. तिरका गेला तर बाहेर काढून परत लावा, हातोडी घेऊ नका. होजच्या बोल्टला तांब्याचे वॉशर नवेच. दोन्ही कॅलिपर खोलले असतील तर बसवताना निपल वरच्या बाजूला आलंय ना, ते बघा. डावा-उजवा बदलला तर निपल खाली येतं आणि हवा कधीच निघत नाही.

ऑइल टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या प्रतीचंच, डॉट ३ किंवा डॉट ४ असं तिथे असतं. डॉट ४ चा उत्कलनबिंदू ताजं असताना किमान २३० अंश, पाणी शोषल्यावर १५५ पर्यंत खाली येऊ शकतो. डॉट ३ चा २०५ आणि १४०. घाटात पेडल मऊ पडतं ते यामुळेच, म्हणून जुनं ऑइल परत ओतू नका.

हवा काढून झाली की गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबा, मग सपाट रस्त्यावर थोडं फिरवा. दुसऱ्या दिवशी निपल आणि होजच्या बोल्टवर कोरडा कागद फिरवा. बोल्टपाशी ओल दिसली तर वॉशर बदला. निपलपाशी दिसली तर ते काढून त्याचं टोक आणि बसायची जागा पुसा, पान्यावर लटकून आवळू नका. तुटलं तर बहुतेक नवा कॅलिपरच घ्यावा लागेल.