त्रेपन्न लाखांची हॅचबॅक घ्यावी का? (दाजींनीही वाचावं)

प्रश्न असा आहे: "पुण्यात राहतो, वय ३८. फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय डोक्यातून जात नाही. बायको म्हणते, तेवढ्यात फॉर्च्युनर येते. हॅचबॅकला ५३ लाख देणं शहाणपणाचं आहे का?"

शहाणपणाचं नाही. पण शहाणपणाची गाडी कुठली, हे दाजी मला गेली दहा वर्षं शिकवतायत, त्यामुळे एवढ्यावर थांबवत नाही.

मी कोल्हापूरचा. शिरोली एमआयडीसीत छोटं मशीन शॉप आहे, फाउंड्रीतून येणाऱ्या कास्टिंगचं जॉबवर्क करतो. २०१६ च्या पाडव्याला मी फियाटची अबार्थ पुंटो घेतली. तुम्हाला गोल्फचं वेड असेल तर ही काय चीज होती ते सांगायला नको. १.४ लिटरचं टी-जेट टर्बो पेट्रोल इंजिन, १४५ बीएचपी, चारही चाकांना डिस्क, पाच गिअर आणि ते हातानं टाकायचे. आपल्या रांजणगावात बनलेली आणि एक्स-शोरूम दहा लाखांच्या आत. रस्त्यावर येईपर्यंत पावणेबारा झाले. आई ओवाळत होती, पोरं दारावरच्या लाल पट्ट्यावरून हात फिरवत होती. दाजींनी पेढा तोंडात टाकला, गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "एवढ्यात उंच गाडी आली असती की रे. डबा घेतलास."

दाजी म्हणजे आक्काचे यजमान. माणूस लाखमोलाचा, पण गाडीबद्दल त्यांचं एकच शास्त्र: खुर्चीवर बसल्यासारखं बसता आलं पाहिजे आणि समोरच्या गाडीचं टप दिसलं पाहिजे. दोनच महिन्यांत त्यांनी स्वतः तशी उंच गाडी घेतली, सगळं धरून चौदा लाखांना. नाव लिहीत नाही, आक्का हे वाचते. तेव्हापासून घरातलं कुठलंही कार्य असो, जेवणं झाली आणि सुपारी आली की विषय निघायचा. "मागच्या सीटवर गुडघे कुठं ठेवायचे ते कंपनीनं पुस्तकात लिहिलंय का?" असलं काहीतरी. सगळे हसायचे, मीही हसायचो.

आता २०१७ च्या मे महिन्यातली गोष्ट. त्यांच्या गाडीला मागून टेम्पो घासला, गाडी आठवडाभर गॅरेजला. रत्नागिरीला एका प्लॉटच्या कागदांसाठी त्यांना शनिवारी जाणं भाग होतं. आदल्या रात्री फोन आला, "तुझा डबा देतोस का?" मी टाकी फुल्ल करून दिली. ॲव्हरेज काढायची मला सवय आहे, म्हणून ट्रिप मीटर शून्यावर आणला. सांगितलं, "दाजी, घाटात तिसऱ्यावर ठेवा, अडीच हजाराच्या वर सुई आली की जरा जपून." म्हणाले, "मला गाडी शिकवू नकोस."

रात्री अकराला परत आले. मी फाटकापाशीच उभा होतो. उतरल्या उतरल्या त्यांनी सुरू केलं: कंबर मोडली, मागं सामान ठेवायला जागा नाही, पेट्रोल पिते नुसती. मी ऐकत होतो आणि त्यांच्या पायांकडे बघत होतो. दाजी अनवाणी होते. त्यांचा तो करकर वाजणारा कापशी जोड शेजारच्या सीटपुढे खाली नीट जोडून ठेवलेला. ज्या माणसाला मी लग्नाच्या मांडवाशिवाय कुठं चप्पल काढताना पाहिलं नव्हतं, त्यानं क्लचचा अंदाज यावा म्हणून चप्पल काढून गाडी चालवली होती.

ते गेल्यावर मी चावी फिरवली. रिझर्व्हचा दिवा पेटलेला. ट्रिप मीटरवर ३४७. कोल्हापूर ते रत्नागिरी आंबा घाटातून १३० च्या आसपास, म्हणजे जाऊन-येऊन २६०, गावातलं फिरणं धरा २७०. उरलेले पंचाहत्तर-ऐंशी किलोमीटर कुठले? त्या रस्त्यावर दुसरीकडे वळून जाण्यासारखं त्यांचं काही नव्हतं. पुढच्या चाकापाशी वाकलो तर भाजलेल्या ब्रेक पॅडचा वास. घाट दोन-तीनदा खालीवर केल्याशिवाय तसा वास येत नाही, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो.

मी काही बोललो नाही. दाजी मोठे आहेत. आणि पुढच्या कार्यात सुपारी आल्यावर गुडघ्यांचा विषय पुन्हा निघाला.

२०२० च्या डिसेंबरात गाडी विकली. लॉकडाऊननं ऑर्डरी बसल्या होत्या, दोन पोरांचे पगार थकले होते. साडेचार लाख आले. गाडी फाटकातून बाहेर गेली तेव्हा मी आत मशीनवर होतो, मुद्दाम. दाजींचा फोन आला, "बघ, बोललो होतो. घाट्याचा सौदा." हे वाक्य मला लागलं ते आजपर्यंत. कारण हिशेब साधा आहे. माझे पावणेबाराचे साडेचार झाले, म्हणजे सव्वासात गेले. त्यांनी २०२१ मध्ये त्यांची उंच गाडी विकली, चौदाचे पावणेसात आले. सव्वासातच गेले, दाजी! तेवढेच! फरक इतकाच की माझ्या सव्वासातात पावसाळ्यातली आंबोली आहे, गगनबावडा आहे, फोंडा घाट आहे. तुमच्यात समोरच्या गाड्यांची टपं आहेत.

तर गोल्फकडे येतो. २०२५ च्या मे महिन्यात ती आपल्याकडे ५२.९९ लाख एक्स-शोरूमला आली. पहिल्या खेपेच्या १५० गाड्या किंमत जाहीर व्हायच्या आधीच बुक झाल्या होत्या. महाराष्ट्रात नोंदणी कर आणि विमा धरला की साठच्या पुढे जाते. यातले निम्म्याच्या आसपास पैसे गाडीचे नाहीतच. पूर्ण तयार गाडी बोटीनं येते तिच्यावर किमान ७० टक्के आयातीचा भार, त्यावर जीएसटी, त्यावर आरटीओ. १९७६ साली गोल्फ जीटीआय पहिल्यांदा निघाली तेव्हा ११० अश्वशक्ती आणि जेमतेम ८१० किलो वजन होतं. साध्या माणसाच्या साध्या गाडीत मोठं काळीज बसवायचं, एवढीच ती कल्पना. सकाळी भाजी आणा, रविवारी घाट मारा. साठ लाखांत ती कल्पनाच मोडते, हे माझं स्पष्ट मत आहे.

माझ्या ओळखीच्या एका फाउंड्रीवाल्यानं ती घेतलीय. एका पहाटे त्यानं मला जोतिबाच्या रस्त्यावर वीस मिनिटं चालवायला दिली. सीटवर तेच चौकड्याचं कापड, आक्काच्या शाळेच्या युनिफॉर्मचं असतं तसं. हे कापड आणि गिअरवरचा गोल्फच्या चेंडूचा गोळा, दोन्ही पहिल्या गाडीपासून गुनहिल्ड लिल्येक्विस्ट नावाच्या बाईंची कल्पना. गोळा मात्र या गाडीत नाही, कारण गिअर टाकायचेच नाहीत, फक्त डीएसजी, म्हणजे ऑटोमॅटिक येते. २६५ पीएस (अश्वशक्तीच म्हणा), ३७० न्यूटन-मीटरची ओढ, शून्य ते शंभर ५.९ सेकंद. आकडे सोडा. पुढच्या चाकांवर एवढी ताकद असताना वळणातून बाहेर पडताना पाय दाबला की गाडीनं नाक बाहेर टाकायला हवं. ही टाकत नाही. पुढच्या दोन चाकांत जोर वाटणाऱ्या डिफरन्शियलला इलेक्ट्रॉनिक लॉक आहे, बाहेरच्या चाकाकडे जोर ढकलतो आणि गाडी दोरीनं आत ओढल्यासारखी वळते. दुसऱ्या वळणाला मी मोठ्यानं शिवी दिली. कौतुकाची.

पण मालकाचं तोंड बघायला हवं होतं. माझ्या शेजारी बसून तो रस्ता नाही, रस्त्यातले खड्डे बघत होता. टायर २२५/४० आर १८, म्हणजे रबराची भिंत जेमतेम ९० मिलिमीटर. (माझ्या अबार्थला १९५/५५ आर १६ होते, १०७.) पोटाखाली १३६ मिलिमीटर. त्याच्या सोसायटीच्या दारातला गतिरोधक त्यानं स्वतः तिरका काढून दाखवला, श्वास रोखून, एखादी गाभण म्हैस पायरीवरून उतरवावी तसा. परत आल्यावर तो म्हणाला, "ऑफिसला मी स्विफ्टच नेतो." तिथं माझं उत्तर मला मिळालं. जी हॉट हॅच (म्हणजे मोठ्या काळजाची हॅचबॅक) ऑफिसला नेता येत नाही, ती देवघरात ठेवलेली गाडी झाली.

तुम्ही पुण्यात आहात म्हणून आणखी एक. एक्सप्रेस वेवर १०० ची मर्यादा, घाटात त्याहून कमी, कॅमेरे डोक्यावर, दोन हजारांची पावती घरपोच मोबाईलवर. नुसतं सरळ पळायचं असेल तर ते आता स्वस्त झालंय. चाकणमध्ये बनणारी महिंद्राची इलेक्ट्रिक बीई ६ शून्य ते शंभर ६.७ सेकंदांत जाते आणि किंमत गोल्फच्या निम्मी. गोल्फचे पैसे वळणाचे आहेत. ती वळणं तुम्ही महिन्यातून किती वेळा घेणार, हे बायकोला नाही, स्वतःला विचारा.

मी तुमच्या जागी असतो तर? कर्ज काढून असेल तर अजिबात नाही. हप्ता चालू असलेल्या गाडीला कुणी जोरात वळवत नाही. मी चाकणलाच बनणाऱ्या फोक्सवॅगन व्हर्टसचं १.५ टीएसआय (टर्बो पेट्रोल) घेतलं असतं, १५० पीएस, २५० न्यूटन-मीटर, गोल्फच्या चाळीस टक्क्यांच्या आत येते. सेडान आहे, मान्य, पण बायकोही खूश, डिकी तर विचारूच नका. नाहीतर जुनी पोलो जीटी नीट सर्व्हिस इतिहास बघून. मी स्वतः सध्या वापरलेली आय२० एन लाइन चालवतो, १२० पीएस, आणि गगनबावड्याला मला कुणाची असूया वाटत नाही. म्हणजे वाटते, पण फार नाही.

कर्ज नाही, घर फिटलंय, मुलांचं बाजूला ठेवलंय आणि तरी साठ लाख पडून आहेत, असं असेल तर मात्र घ्या आणि कुणाला हिशेब देऊ नका. लोक पोरीच्या लग्नात तीन दिवसांत तेवढे जाळतात, त्यांना कुणी "वसूल झाले का" विचारत नाही. एनए न झालेला प्लॉट घेऊन वीस वर्षं त्यावर गवत कापतात, त्यालाही गुंतवणूक म्हणतात. गाडीनंच काय पाप केलंय? फक्त घेतलीत तर रोज काढा. भाजीला काढा. रिमला ओरखडा पडू द्या.

आणि फॉर्च्युनरचं म्हणाल तर बायकोला टेस्ट ड्राइव्हला शेजारी बसवू नका, स्टेअरिंगवर बसवा. दोन्ही गाड्यांच्या. बाजूला बसणाऱ्याला उंची आवडते, चालवणाऱ्याचं मत बदलतं. मी हे बदलताना पाहिलंय, अनवाणी.

थोडं सांगायचं राहिलं. गोल्फ मी वीसच मिनिटं चालवलीय, तीही दुसऱ्याची, त्यामुळे तिच्या सर्व्हिसच्या खर्चाबद्दल माझ्या भरवशावर राहू नका. मिनी कूपर एस चालवलेली नाही, ती या पैशांपेक्षा खाली येते, बघून घ्या. तेच २६५ पीएसचं इंजिन आणि ६०० लिटरची डिकी हवी असेल तर स्कोडानं २०२५ च्या ऑक्टोबरात ऑक्टेव्हिया आरएस ४९.९९ लाखांना आणली होती, पण गाड्या शंभरच, त्याही लगेच गेल्या. कुणी विकायला काढली तर झडप घाला. आणि आईवडील म्हातारे असतील, गुडघे दुखत असतील, तर वरचं सगळं विसरा. खाली वाकून बसायच्या गाडीत त्यांचे हाल होतात, इथं दाजींचं बरोबर आहे. माझ्या आईलाही अबार्थमधून उतरवताना हात द्यावा लागायचा.

दाजी, तुमचं गुडघ्यांचं म्हणणं हे एवढं लेखी मान्य केलं. आता पुढच्या रविवारी जेवायला याल तेव्हा सुपारीच्या आधी ते वरचे पंचाहत्तर किलोमीटर कुठले, तेवढं आक्कासमोर सांगा.