अत्यवस्थ कोण, माणूस की प्रकृती?

माझ्या एका मैत्रिणीचा प्रश्न आहे. ती लिहिते, "एका वयोवृद्ध माजी मंत्र्यांना इस्पितळात हलवल्याच्या बातम्या वाचत होते. एका ठिकाणी 'प्रकृती अत्यवस्थ', दुसरीकडे 'प्रकृती चिंताजनक पण स्थिर' आणि तिसरीकडे 'माजी मंत्री अस्वस्थ'. यातलं बरोबर कुठलं? आणि 'अत्यवस्थ' हा शब्द कानावर पडला की आमच्याकडे सगळे 'म्हणजे गेलेच, फक्त जाहीर करत नाहीत' असं म्हणून मोकळे होतात. या शब्दाचा अर्थ खरंच तसा आहे का?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. नाही. अत्यवस्थ म्हणजे ज्याच्या जिवाला धोका आहे असा, पण जिवंत माणूस. गेलेल्या माणसाला हा शब्द लावताच येत नाही. तेव्हा 'अत्यवस्थ' वाचून 'गेलेच' असं म्हणणारा शब्दाचा नेमका उलटा अर्थ घेत असतो.

आता फोड. अति + अवस्था. 'अतींद्रिय' म्हणजे इंद्रियांच्या पलीकडचं, तसं 'अत्यवस्थ' म्हणजे नेहमीच्या अवस्थेच्या पलीकडे गेलेला. हे विशेषण माणसाचं आहे. अवस्था माणसाची असते आणि ती ओलांडून पुढे जातो तोही माणूसच. म्हणून 'ते अत्यवस्थ आहेत' हे चोख मराठी. 'प्रकृती अत्यवस्थ' म्हटलं की अवस्थेलाच अवस्था चिकटवल्यासारखं होतं. 'अत्यवस्थ अवस्थेत दाखल केले' हे तर मी छापील बातमीतही वाचलं आहे. प्रकृतीला लावायला आपल्याकडे वेगळी विशेषणं भरपूर आहेत. प्रकृती गंभीर असते, चिंताजनक असते, नाजूक असते, खालावते, ढासळते. आणि आजकाल बातमीत क्वचितच दिसणारा एक सुंदर शब्द म्हणजे तोळामासा. बारा मासे म्हणजे एक तोळा. जी प्रकृती आत्ता तोळाभर भरते आणि घटकाभरात माशावर येते, ती तोळामासा. नव्वदीतल्या माणसाच्या दुखण्याचं याहून नेमकं वर्णन मला तरी सुचत नाही. सकाळी उठून बसले, चहा घेतला, संध्याकाळी डोळे उघडत नाहीत. घरात म्हातारं माणूस असलेल्या कुणालाही हे सांगावं लागणार नाही.

लिहिताना 'अत्यवस्थ' असंच लिहायचं, 'अत्यावस्थ' नाही. 'अत्यावश्यक'मध्ये 'आवश्यक' आहे म्हणून तिथे काना येतो. इथे 'अवस्था' आहे, काना येणार कुठून? 'दुरवस्था'चं 'दुरावस्था' होतं ती चूक याच जातीची.

'माजी मंत्री अस्वस्थ' हे मात्र मराठीत चालणारच नाही. हिंदीत 'अस्वस्थ' म्हणजे आजारी. मराठीत तो मनाचा शब्द आहे. मराठी वाचक 'माजी मंत्री अस्वस्थ' वाचून पक्षात त्यांची नाराजी आहे असंच समजेल. 'आजारी' हा साधा शब्द असताना उसना घेण्याची गरज नाही.

'स्थिर' या शब्दाबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण तो सगळ्यात जास्त फसवतो. 'चिंताजनक पण स्थिर' ही जोडी डॉक्टरांच्या इंग्रजी पत्रकातून शब्दाला शब्द लावून आलेली आहे. मराठी कानाला स्थिर म्हणजे चांगलं. संसार स्थिर झाला, नोकरी स्थिर झाली, सगळं स्थिरस्थावर झालं. त्यामुळे निम्मे वाचक 'स्थिर' वाचून निर्धास्त होतात, आणि 'चिंताजनक'ला जोडून तो आलेला पाहून उरलेल्यांना काहीतरी लपवलं जातंय असं वाटतं. डॉक्टरांना म्हणायचं असतं इतकंच की गेल्या काही तासांत फरक पडलेला नाही. ऑगस्ट २०२० मध्ये माजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी दिल्लीच्या लष्करी रुग्णालयात होते. मेंदूतली गुठळी काढण्याची शस्त्रक्रिया झाली होती, कोरोनाचीही लागण झालेली होती. ते गेल्याची अफवा उठली तेव्हा त्यांचे चिरंजीव अभिजित मुखर्जी यांना जाहीरपणे लिहावं लागलं की वडील अजून जिवंत आहेत आणि 'हिमोडायनॅमिकली स्टेबल' आहेत. म्हणजे रक्तदाब आणि रक्ताभिसरण टिकून आहे. त्या वेळी ते कोमात होते. कोमातला माणूसही या अर्थाने स्थिर असू शकतो, हे 'स्थिर' या एका शब्दातून मराठी वाचकाला कसं कळावं? प्रणवबाबू ३१ ऑगस्टला गेले. त्याआधीचे अडीच आठवडे 'स्थिर' हा शब्द जवळजवळ रोज छापून येत होता.

इथे 'प्रकृती आहे तशीच आहे' किंवा 'उतार नाही' असं लिहिता येईल. 'उतार' शब्द जपून वापरा. आपल्याकडे दुखण्याला उतार पडला म्हणजे बरं वाटू लागलं. ताप उतरतो तसं दुखणं उतरतं. हल्ली काही जण 'प्रकृतीत उतार' असं खालावण्याच्या अर्थाने लिहितात, आणि जुन्या माणसाला ती आनंदाची बातमी वाटते. आजारपणाच्या बातमीत असा गोंधळ परवडत नाही.

आता घरच्यांच्या 'गेलेच'बद्दल. हे ते मनाने दुष्ट आहेत म्हणून म्हणत नाहीत. सत्तेतल्या किंवा सत्ता भोगलेल्या माणसाचं मरण काही काळ झाकून ठेवतात, हे लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेलं आहे. सप्टेंबर १६५७ मध्ये शाहजहान आजारी पडला आणि झरोक्यात येऊन प्रजेला रोज दर्शन देणं थांबलं. बादशहा दिसत नाही म्हणजे बादशहा उरला नाही, असं लोकांनी धरलं. बंगालमध्ये शुजाने आणि गुजरातमध्ये मुरादने स्वतःला बादशहा म्हणवून घेतलं, औरंगजेब दख्खनेतून उत्तरेकडे निघाला. मोगलांचं लक्ष असं तिकडे वळलेलं असतानाच शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली. शाहजहान त्यानंतर आठ वर्षांहून जास्त जगला. आग्र्याच्या किल्ल्यात, कैदेत, १६६६ पर्यंत.

झरोका बंद झाला की लोकांच्या हाती फक्त शब्द उरतात. अटलबिहारी वाजपेयींना २००९ मध्ये पक्षाघाताचा झटका आला आणि त्यानंतर ते सार्वजनिक जीवनातून बाजूला झाले. मार्च २०१५ मध्ये राष्ट्रपतींनी घरी जाऊन त्यांना भारतरत्न दिलं, त्यानंतर ते लोकांना जवळजवळ दिसलेच नाहीत. ज्यांचं भाषण ऐकायला माणसं मैदानात तासन्‌तास उभी राहत, त्यांचा आवाज इतकी वर्षं कुणी ऐकला नव्हता. अशा वेळी 'आहेत की नाहीत' ही कुजबुज होणारच. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे आजारी असताना 'मातोश्री'बाहेरही तेच चाललं होतं. आतून बाहेर येणाऱ्या प्रत्येकाच्या चेहऱ्यावरून गर्दी अर्थ लावत होती आणि 'प्रकृती स्थिर' या शब्दांपेक्षा गाडीच्या काचेआडचे डोळे लोकांना जास्त खरे वाटत होते. प्रेमापोटी झालेली ही घालमेल मला समजते. म्हणूनच अशा दिवसांत शब्द नेमका असावा असं मला तळमळून वाटतं, कारण लोक प्रत्येक शब्द चाचपून बघत असतात.

पण 'जाहीर करत नाहीत' या समजुतीच्या नेमकं उलटही घडलेलं आहे, आणि ते मी लहानपणी अनुभवलं आहे. मार्च १९७९. जयप्रकाश नारायण मुंबईत जसलोकमध्ये होते. मूत्रपिंडं निकामी झालेली, डायलिसिसवर जगत होते. पंतप्रधान मोरारजी देसाईंनी भर लोकसभेत सांगितलं की जयप्रकाशजी गेले. सभागृह तहकूब झालं, आकाशवाणीचे नेहमीचे कार्यक्रम थांबले. आमच्या तालुक्याच्या गावी शाळा मध्येच सोडली. बाजारपेठेतून घरी येताना दुकानांच्या फळ्या एकेक करून लागताना मी पाहिल्या. आणि मग कळलं की ते आहेत. वाण्याच्या दुकानाच्या दोन फळ्या पुन्हा निघाल्या, बाकीच्या तशाच राहिल्या, कारण कुणाचाच कशावर विश्वास बसेना. आजी म्हणाली, "आयुष्य वाढलं बघ त्यांचं." मरणाची खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं ही आपल्याकडची जुनी समजूत. कावळ्यांची जोडी लागलेली दिसली तर तो अपशकुन टाळायला मुद्दाम नातलगांना मरणाची खोटी बातमी धाडायची चाल होती, तेही आजीनेच सांगितलं होतं. जयप्रकाशजी त्यानंतर साडेसहा महिने जगले. ८ ऑक्टोबर १९७९ ला पाटण्यात गेले, सत्याहत्तरावा वाढदिवस तीन दिवसांवर आला होता.

लोकसभेत त्या दिवशी घडलं त्याला अफवा म्हणावं का, असं मैत्रिणीने पुढे विचारलं. या शब्दांत फरक आहे. 'अफवा' हा मुळात अरबी शब्द, 'तोंडं' या अर्थाचा. तोंडोतोंडी जाते ती अफवा. 'वावडी' म्हणजे पतंग. पतंग आपोआप उडत नाही, कुणाच्या तरी हातात दोर असतो. म्हणून हेतू धरून सोडलेल्या बातमीला वावडी म्हणावं. 'कंडी पिकवणे'तही मुद्दाम केल्याचा भाव आहे. 'आवई' उठते ती भीतीतून, शत्रू आल्याच्या खोट्या बातमीसारखी. मोरारजींच्या घोषणेला यातला एकही शब्द लागत नाही. ती चुकीची बातमी होती, एवढंच. २२ एप्रिल २०२१ च्या रात्री सुमित्रा महाजन गेल्याची बातमी पसरली ती मात्र अफवाच होती. शशी थरूर यांनी श्रद्धांजली लिहिली आणि खरं कळल्यावर ती काढून टाकली. चिपळूणला जन्मलेल्या, इंदूरने आठ वेळा लोकसभेत पाठवलेल्या या ताई त्या रात्री सुखरूप होत्या. कुणीतरी इंदूरला एक फोन करायला हवा होता.

अगदी शेवटच्या टप्प्यासाठी मराठीत 'घटका मोजणे' आहे. घंगाळातल्या पाण्यावर तळाला बारीक भोक असलेली वाटी तरंगत ठेवायची. चोवीस मिनिटांत ती भरते आणि टुप्‌ आवाज करून बुडते, म्हणजे एक घटका झाली. लग्नाच्या मुहूर्तासाठी भटजी तिच्याकडे डोळे लावून बसत. 'घटका भरली' हा वाक्प्रचार त्या बुडणाऱ्या वाटीवरून आलेला आहे. उशाशी बसलेल्या माणसाने तो वापरावा. ज्याच्या हातात रुग्णाचा हात आहे, त्याला ती वाटी भरताना दिसत असते. 'घरघर लागली', 'धुगधुगी आहे' हेही उशाजवळचे शब्द. शेकडो मैलांवरून, मोबाइलवर, ज्यांना आपण कधी भेटलो नाही त्यांच्याविषयी 'घटका मोजताहेत' असं लिहिणं मला आततायीपणाचं वाटतं. तिथे 'अत्यवस्थ आहेत' पुरे.

'माजी' शब्दाचाही यात थोडा दोष असावा. तोही अरबीतून आलेला, अर्थ 'गेलेला, सरलेला'. सरतं ते पद, पण बोलता बोलता माणूसच भूतकाळात जाऊन बसतो. 'फार मोठे नेते होते हो,' असं आपण जित्याजागत्या माणसाविषयी सहज बोलून जातो. पंतप्रधान होते, हे बरोबर. मोठे नेते होते, हे तो माणूस असेपर्यंत चूक.

१६ ऑगस्ट २०१८ ला सकाळी दिल्लीच्या एम्सने सांगितलं की वाजपेयींची प्रकृती चिंताजनक असून त्यांना जीवनरक्षक यंत्रणेवर ठेवलं आहे. दुपारपर्यंत आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर दिवे आणि फुलं येऊ लागली. त्रिपुराचे राज्यपाल तथागत रॉय यांनीही वेळेआधी श्रद्धांजली लिहून नंतर दिलगिरी व्यक्त केली होती, तर आमच्या गटाचं काय सांगावं. माझ्या चुलतभावाने लिहिलं, 'असा वक्ता पुन्हा होणे नाही. थोर माणूस होते.' गटात आमचे ऐंशी पार केलेले काका आहेत. उभा जन्म त्यांनी छापखान्यात मुद्रितं तपासली. त्यांनी एका बोटाने टाइप करून खाली दुरुस्ती टाकली, 'होते नव्हे, आहेत. अजून आहेत.' त्यानंतर बराच वेळ कुणी काही लिहिलं नाही. पाच वाजून पाच मिनिटांनी वाजपेयी गेले. इस्पितळाने तसं जाहीर केल्यावर गटावर पहिला निरोप काकांचाच आला. 'गेले.'