पोलीस भरतीत जीके नशिबावर सोडून द्यावं का?

भावा, तुझा प्रश्न वाचला आणि लगेच लिहायला बसलो. लेखीला दीड महिना उरलाय, रोज शंभर वनलायनर, म्हणजे एका ओळीचे प्रश्नोत्तर, पाठ करतोस, तरी टेस्टला जीके, म्हणजे सामान्य ज्ञान, 25 पैकी 11-12 च्या वर सरकत नाही, आणि अकॅडमीतले सर म्हणतात जीके नशिबावर सोड, गणित-बुद्धिमत्ता पक्की कर. हेच वाक्य मी आमच्या सरांच्या तोंडून ऐकलंय, जवळजवळ याच शब्दांत. ते ऐकून वागलो आणि एका गुणाने बाहेर राहिलो.

तर सोडू नकोस. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढची हकिकत लांबणार आहे.

मी सोलापूर जिल्ह्यातला, करमाळा तालुक्यातला. आमचं गाव उजनी धरणाच्या फुगवट्याच्या, म्हणजे धरणामागे साठलेल्या पाण्याच्या, कडेला. कडेला आहे ते आत्ताचं गाव, जुनं गाव पाण्यात गेलं. आजोबांची भीमेकाठची काळी जमीनही धरणातच गेली. मी भरतीचा फॉर्म भरला तो प्रकल्पग्रस्तांच्या समांतर आरक्षणातून (धरणात जमीन गेलेल्यांच्या राखीव जागांतून), घरातल्या प्रकल्पग्रस्ताच्या दाखल्यावर. एवढं लक्षात ठेव.

2023 ची भरती. ग्राउंडला, म्हणजे मैदानी चाचणीला, 50 पैकी 41 पडले. सोळाशे मीटरला पैकीच्या पैकी, मार गोळाफेकीत खाल्ला. एप्रिलमध्ये लेखी, शंभर प्रश्न, नव्वद मिनिटं. गणित बरं गेलं, मराठी व्याकरण चांगलं गेलं. आणि जीकेत प्रश्न आला: उजनी धरणाच्या जलाशयाचे नाव काय? पर्याय होते नाथसागर, शिवसागर, यशवंतसागर, येसाजी कंक.

हे मी तीन वेळा पाठ केलं होतं. गाइडमधलं धरण-जलाशय जोड्यांचं ते पान अजून डोळ्यांसमोर येतं, पिवळ्या हायलायटरने रंगवलेलं, कोपरा दुमडलेला. नाथसागर म्हणजे पैठणचं जायकवाडी, ते पक्कं होतं. येसाजी कंक म्हणजे भाटघर, तेही होतं. उरले दोन. एक कोयनेचा, एक उजनीचा, आणि कुठला कुणाचा ते नेमकं त्याच वेळी आठवेना. मग मी डोकं चालवलं. यशवंत म्हणजे यशवंतराव चव्हाण. त्यांची समाधी कराडला, प्रीतिसंगमावर. प्रीतिसंगम म्हणजे कोयना कृष्णेला मिळते ती जागा. म्हणजे यशवंतसागर कोयनेचा, आणि राहिलेला शिवसागर उजनीचा. बॉलपेनने गोल काळा करून टाकला. प्रत्यक्षात सगळं बरोबर उलटं आहे, कोयनेचा शिवसागर आणि उजनीचा यशवंतसागर.

संध्याकाळी घरी आलो तेव्हा अण्णा, म्हणजे वडील, गोठ्यात वैरण टाकत होते.

"कसा गेला पेपर?"

"बरा गेला. उजनीच्या पाण्याचं नाव विचारलं होतं, शिवसागर लिहिलं."

अण्णांच्या हातातली पेंढी हातातच राहिली. "आरं, यशवंतसागर. आपल्या रानावर जे पाणी हाय, त्याचं नाव तुला ठावं न्हाई व्हय?"

एवढंच बोलले. रागावले असते तर बरं वाटलं असतं. निकाल लागला, 41 आणि 71, एकूण 112. आमच्या प्रवर्गात शेवटचा उमेदवार 113 ला लागला होता. ज्या धरणाचा दाखला जोडून फॉर्म भरला, त्याच धरणाच्या प्रश्नाचा तो गुण होता.

सरांना भेटायला गेलो. सर म्हणाले, "बघ, पाठांतर कमी पडलं. म्हणून तर सांगतो, जीके नशिबाचा खेळ आहे." दोन्ही वाक्यं एका दमात. पाठांतर कमी पडलं असेल तर त्यात नशीब कुठून आलं? आणि नशीबच असेल तर पाठांतराला दोष कशाला? तेव्हा मान खाली घालून उभा राहिलो, एक शब्द बोललो नाही. आज बोलतो. सर, पाठांतर कमी पडलं नव्हतं. पुस्तकातलं उजनी आणि आमच्या दारातलं पाणी एकच आहे, हे माझ्या डोक्यात कधी जोडलंच गेलं नव्हतं. आम्ही त्याला धरण म्हणतो, फुगवटा म्हणतो, नुसतं पाणी म्हणतो. यशवंतसागर हे नाव फक्त गाइडमध्ये होतं. त्यामुळे ते तिथेच राहिलं, माझ्याबरोबर परीक्षेला आलं नाही.

खरं शिकलो ते पुढच्या उन्हाळ्यात. 2024 ला उजनी फार खाली गेलं होतं, उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली. तू आमच्या भागातला नसशील तर हे उणे काय ते सांगतो. उजनीचा एकूण साठा सुमारे 117 टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. त्यातला 63.66 टीएमसी मृतसाठा, म्हणजे तळाचं पाणी, आणि 53.57 टीएमसी उपयुक्त साठा. टक्केवारी उपयुक्त साठ्यावर धरतात. म्हणून शून्य टक्के झालं तरी धरणात 63 टीएमसी पाणी असतं, आणि त्याच्याही खाली उतरलं की आमच्याकडे म्हणतात, उजनी मायनसमध्ये गेली. हे मला कुठल्या क्लासमध्ये शिकवावं लागलं नाही. टीएमसी हा शब्द मला शाळेत जायच्या आधीपासून येतो.

तर मे महिन्यात अण्णा म्हणाले, चल, तुला गाव दाखवतो. पाणी हटलेल्या जागी भेगाळलेला गाळ, त्यावर शिंपल्यांचा चुरा, पाय टाकला की करकर वाजायचा. पुढे घरांची जोती उघडी पडली होती. अण्णा प्रत्येक जोत्यापाशी थांबून कुणाचं घर ते सांगत होते. आमच्या जोत्यात एक दगडी उखळ होतं, गाळाने काठोकाठ भरलेलं. अण्णांनी बोटांनी थोडा गाळ उकरून पाहिला आणि तसाच सोडून दिला. मग नदीच्या जुन्या पात्राकडे हात करून सांगत सुटले. ही भीमा भीमाशंकरवरून येते. देहू-आळंदीची इंद्रायणी तुळापूरला हिला मिळते. पुण्यातली मुळा-मुठाही हिच्यातच येते. पुण्याला पाऊस झाला की चार दिवसांनी आपलं पाणी चढतं. धरणाच्या खाली नरसिंहपूरला नीरा मिळते, मग पंढरपूर, तिथे हिलाच चंद्रभागा म्हणतात. पुढे कर्नाटकात जाऊन कृष्णेला मिळते.

अण्णा सातवी शिकलेले आहेत. त्या पाच मिनिटांत त्यांनी जीकेचे निदान दहा प्रश्न सांगितले, आणि त्यातला एकही मी आजवर विसरलो नाही.

घरी येऊन एक वही घातली, वर नाव लिहिलं भीमा. मधोमध नदी काढली आणि जे जे तिच्या काठाला आहे ते लावत गेलो. तुळापूर आलं की छत्रपती संभाजी महाराजांचं 1689 मधलं बलिदान. मुठेवर खडकवासला, वरच्या अंगाला पानशेत, पानशेत आलं की 12 जुलै 1961 चा पूर. नीरेच्या खोऱ्यात भाटघर, त्याचा जलाशय येसाजी कंक. भिगवणला रोहित पक्षी. मग दुसरी वही कृष्णेची. महाबळेश्वर, वाई, कराड, कोयना, शिवसागर, 11 डिसेंबर 1967 चा कोयनानगरचा भूकंप, नरसोबाची वाडी, पंचगंगा. तिसरी गोदावरीची. महाराष्ट्राचा भूगोल, निम्मा इतिहास आणि संतपरंपरा या तीन वह्यांत बसते. वनलायनरच्या गाइडमध्ये हेच सगळं चारशे पानांत विखुरलेलं असतं, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. म्हणून तुझं 11-12 वर अडकलंय. डोकं कमी नाही तुझं.

2024 ला ग्राउंड जूनच्या पावसात झालं. चिखलात धावलो, दोन गुण कमीच आले, 39. पण त्या भरतीत एक गंमतीशीर अडचण होती. ग्राउंड दिलं तेव्हा देशात भारतीय दंड संहिता होती आणि लेखीला बसलो तेव्हा भारतीय न्याय संहिता. 1 जुलै 2024 ला गुन्हे, फौजदारी प्रक्रिया आणि पुरावा यांचे तिन्ही नवे कायदे लागू झाले. आमच्या खोलीतली पोरं 302 म्हणजे खून, 420 म्हणजे फसवणूक घोकून बसली होती. आता खुनाच्या शिक्षेचं कलम 103, फसवणुकीचं 318, आणि जमावबंदीचं जुनं 144 आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्यात, 163. न्याय संहितेत कलमं 358, जुन्या दंड संहितेत 511 होती. तुझं गाइड त्याआधीचं असेल तर कायद्याची पानं फाडून टाक, ठेवूच नकोस. तीच गत जिल्ह्यांची. छत्रपती संभाजीनगर, धाराशिव, अहिल्यानगर ही नावं नवी आणि पर्यायात जुनी नावंही येऊ शकतात. भारताच्या किनाऱ्याची लांबी जुन्या पुस्तकात 7516.6 किलोमीटर आहे, नव्या मोजणीत ती 11,098.81 झाली. किनारा वाढला नाही, मोजायची पद्धत बारीक झाली. हे कारण माहीत असलं की दोन्ही आकडे लक्षात राहतात.

त्या वर्षी जीकेला 25 पैकी 20 आले. लेखी 82. लागलो.

आणखी एक गोष्ट मनात खुपते ती लिहितोच. 26/11 च्या प्रश्नात तुकाराम ओंबळे हे नाव "मरणोत्तर अशोकचक्र" एवढ्या दोन शब्दांत संपतं. पोरं ते घोकतात आणि पुढच्या ओळीवर जातात. ओंबळे जावळी तालुक्यातल्या केडंबे गावचे. आधी सैन्यात होते, मग मुंबई पोलिसात, सहायक उपनिरीक्षक. गिरगाव चौपाटीला हातात फक्त लाठी असताना त्यांनी कसाबच्या एके-47 ची नळी धरली, गोळ्या अंगावर घेतल्या आणि सोडली नाही, म्हणून तो जिवंत सापडला. तू हीच वर्दी घालायला निघालायस. हे तुला एका गुणासाठी माहीत असून भागणार नाही. 21 ऑक्टोबर पोलीस स्मृतिदिन का, तर 1959 ला लडाखमध्ये हॉट स्प्रिंग्जला चिनी सैन्याच्या गोळीबारात दहा जवान गेले म्हणून. "सद्रक्षणाय खलनिग्रहणाय" या आपल्या पोलीस ब्रीदवाक्याचा अर्थ कुणी विचारला तर सांगता आला पाहिजे. आता पोलीस ठाण्यात रात्रपाळीला बसतो तेव्हा कळतं. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 173 मला परीक्षेत एक गुण देऊन गेलं होतं. इथे रात्री अकराला एक बाई पोराला कडेवर घेऊन समोर उभी राहते, गुन्हा दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीतला असतो, आणि हद्द कुठलीही असो, तक्रार घ्यावीच लागते हे त्याच 173 मध्ये लिहिलेलं असतं.

आता तुझ्या दीड महिन्याचं. ज्या घटकाचा, म्हणजे ज्या जिल्हा पोलीस दलाचा किंवा आयुक्तालयाचा, फॉर्म भरलायस त्याच्या जुन्या प्रश्नपत्रिका आधी काढ. पेपर घटकानुसार वेगळा असतो, त्या जिल्ह्याचे तालुके, नद्या, किल्ले, धरणं यावर प्रश्न येतात, आणि बहुतेक पोरं नेमकं तेच सोडून जगाच्या राजधान्या पाठ करतात. त्या जिल्ह्याचा नकाशा भिंतीला लाव. शंभरऐवजी रोज तीस प्रश्न घे, पण चुकलेल्या प्रत्येकाचं का आणि कुठे शोधून वहीत लिही. चालू घडामोडी मागच्या वर्षभराच्या बघ, पण मोबाईलवरच्या रोजच्या क्विझवर वेळ घालवू नकोस, त्यातलं दुसऱ्या दिवशी काही आठवत नाही. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही गोल रिकामा सोडू नकोस, मात्र तुझ्या जाहिरातीत ते एकदा तपासून घे.

हेही मान्य करतो की माझ्याकडे तुझ्यापेक्षा जास्त वेळ होता, तुझ्याकडे दीड महिना आहे. तीन नद्यांच्या वह्या तुझ्याकडून होणार नाहीत, एक कर. पुरस्कार, मुख्यालयं, पहिल्या महिला, राज्यघटनेची कलमं हे काही नदीकाठी सापडत नाही, ते पाठच करावं लागतं, मीही केलं. आणि गणितात तुझे 15 च्या खाली येत असतील तर सरांचं निम्मं बरोबर आहे, आधी गणिताकडे बघ. जीके नशिबावर सोड, हे मात्र त्यांचं चूकच आहे.

आमच्या त्या अकॅडमीच्या दाराशी आता फ्लेक्स लागलाय, दुसऱ्या रांगेत डावीकडून तिसरा फोटो माझा. सर अजूनही नव्या बॅचला पहिल्या दिवशी तेच सांगतात असं धाकटा चुलतभाऊ म्हणाला, तो तिथेच आहे. त्याला मी भीमेची वही दिलीय आणि सांगितलंय, सरांना दाखव. तू कुठल्या घटकाचा फॉर्म भरलायस ते कळव. सोलापूर किंवा पुणे असेल तर त्याच वहीचे फोटो काढून पाठवतो. दुसरीकडचा असशील तर आज रात्री जेवताना घरातल्या वडीलधाऱ्यांना विचार, आपल्या गावची नदी कुठून येते आणि पुढे कुणाला मिळते.